'आपल्याकडे' म्हणजे नेमके कुठे?

परदेशस्थ मराठी कुटुंबांविषयी बोलताना आपल्याकडे (हा शब्द पहिल्याच ओळीत यावा, हेही खरेच) दोनच सूर लागतात : अभिमानाचा आणि हळहळीचा. 'मुले मराठी बोलतात का?' हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. 'बोलतात' असे उत्तर आले की विषय मिटतो. आम्हांला तो तिथून सुरू होतो असे वाटते.

आमच्यापैकी एकीचा भाऊ न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो; नवरा-बायको दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. तिने एक उन्हाळी सुटी त्यांच्याकडे काढली. भाचा नऊ वर्षांचा, मराठी बऱ्यापैकी बोलणारा, रविवारी मराठी शाळेतही जाणारा. 'पुण्याचे काका आलेत' असे वडिलांनी सांगताच त्याने विचारले, 'किती?'

सगळे हसले. पण आदरार्थी बहुवचन शिकवून येत नाही, ते कानावर पडावे लागते. त्या घरात आई-वडील एकमेकांना अरे-अगं करतात, शेजारी इंग्रजीत बोलतात, आणि ज्यांना 'अहो' म्हणायचे ती पिढी फोनच्या पडद्यावर रोज वीस मिनिटे येते. त्या वीस मिनिटांतले मराठी कोणते? जेवलास का, दूध प्यायलास का, झोप आता. घरातलेही बहुतांशी आज्ञार्थीच : ऊठ, आवर, बूट घाल. वाद घालायचा, कारण द्यायचे, थाप मारायची, तर इंग्रजी. केवळ हुकूम ऐकण्यापुरती उरलेली भाषा मुलाला प्रिय कशी व्हावी? (पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या घरांत तरी वेगळे काय आहे, असा आमच्यातील दुसऱ्याचा आक्षेप आहे. तो खोडता आलेला नाही.)

'आपण' आणि 'आम्ही' हा भेद इंग्रजीत नाही. ऐकणाऱ्याला सामावून घ्यायचे की वगळायचे, हे मराठी माणसाला बोलतानाच ठरवावे लागते. 'आपल्याकडे असं उलटून बोलत नाहीत,' असे आई म्हणते तेव्हा तिचे 'आपल्याकडे' पुण्यात असते. ज्याला ती हे सुनावते, त्याने पुणे चार सुट्यांपुरते पाहिलेले.

त्याच्या थोरल्या बहिणीची गोष्ट याहून अवघड. ती पुण्यात जन्मली, तिसऱ्या वर्षी तिकडे गेली, आता एकोणीस वर्षांची आहे. वडिलांच्या एच-वन-बी व्हिसावर अवलंबून असलेला तिचा एच-फोर व्हिसा. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर देशनिहाय 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग हलता हलत नाही; आणि 21 वर्षे पूर्ण होताच मुलांचा हा आधार सुटतो. मग स्वतःचा विद्यार्थी-व्हिसा मिळवायचा, नाहीतर 'परतायचे', म्हणजे जिथले काहीच आठवत नाही तिथे. धाकटा जन्माने अमेरिकी नागरिक. एकाच टेबलावर जेवणारी ही भावंडे 'आपण' म्हणतात तेव्हा त्या शब्दाचा अर्थ दोघांसाठी एकच असतो काय?

हे मराठी साहित्यात कुठे आहे? जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांचे एकाकीपण आपल्याला कायमचे दिले. त्यानंतरचे आमच्या वाचनातले बरेचसे लेखन त्याच दाराशी वाट पाहत उभे आहे. पलीकडच्या घरातले मूल त्यात फोटोपुरते येते. झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक' (2003) या कादंबरीत बाळाचे नाव घेऊन निघालेले पणजीचे पत्र कोलकात्याहून अमेरिकेला पोचतच नाही, आणि त्या न पोचण्यातून पुढचे सारे घडत जाते. आता पत्रे गहाळ होत नाहीत, व्हिडिओ कॉल लागतो. तरीही जे पोचत नाही, ते कुणी लिहावे? त्या मुलीने लिहिले तर ती इंग्रजीत लिहील. आम्ही लिहू लागलो की लेखणी आपोआप आजीच्या बाजूला झुकते. या लेखातही ती झुकली आहे, हे आम्ही जाणतो.

गेल्या जानेवारीत भाच्याने फोन खिडकीशी नेऊन सांगितले, 'आजोबा, आपल्याकडे बर्फ पडलाय!'

आजोबांनी चष्मा सावरला. म्हणाले, 'छे रे, आपल्याकडे कडक ऊन आहे.'