पटावरचा हक्क

1976 च्या राष्ट्रीय ‘पुरुष’ बुद्धिबळ स्पर्धेत 13 वर्षांची रोहिणी खाडिलकर खेळली. या स्पर्धेत उतरलेली ती पहिली मुलगी. तिने तीन राज्यविजेत्यांना हरवले, तरी तिच्या सहभागावरून वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला : राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. त्या डावांतल्या कुठल्याही चालीपेक्षा हा निर्णय मोठा, असे आमचे मत आहे.

त्याआधी 1974 मध्ये थोरली बहीण वासंती पहिली राष्ट्रीय महिला विजेती ठरली होती. 1981 मध्ये रोहिणीने आशियाई महिला विजेतेपद मिळवले. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा या वाटेची आठवण होणे साहजिकच होते. म्हणून हा अंक बुद्धिबळाचा. भर डावांच्या तंत्रापेक्षा खेळण्याच्या हक्कावर.

धाराशिव जिल्ह्यात, भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत, शाळेतला पट मुलींच्या हाती येतो का? शिक्षकांनी, पालकांनी आणि विशेषतः मुलींनी आम्हाला जरूर लिहावे.