विश्लेषण : जपानचे संगीत इतकी वर्षे आपल्या कानावर का पडले नाही? आता ते कोण ऐकवते आहे?

‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी ॲनिमेपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा पहाटेच्या खेळांनाही गर्दी झाली. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्यांच्या मोबाइलमध्ये मग एमे आणि लिसा या गायिकांची गाणी आली. भाषेचा गंध नसतानाही जपानी पॉप, म्हणजेच ‘जे-पॉप’ ऐकणारे जगभर वाढत आहेत. वास्तविक ध्वनिमुद्रित संगीताच्या बाजारपेठेत जपान अमेरिकेखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि हे स्थान काही आजचे नाही. मग हे संगीत इतकी वर्षे होते कुठे? आणि आज त्यातले काय आपल्यापर्यंत पोहोचायचे, हे कोण ठरवते?

जगाचे लक्ष कशामुळे गेले?

मारिया ताकेउची यांचे ‘प्लास्टिक लव्ह’ हे गाणे १९८४ च्या ‘व्हरायटी’ या अल्बममधले. तेव्हा जपानमध्ये ते फार गाजले नव्हते. २०१७ मध्ये कुणा चाहत्याने ते परवानगीविना यूट्यूबवर टाकले. यूट्यूबने शिफारशीत ते इतक्यांना दाखवले की ऐकणाऱ्यांची संख्या कोटींच्या घरात गेली. व्हिडीओवरील छायाचित्राच्या हक्कावरून तो काही काळ हटवलाही गेला आणि २०१९ मध्ये परत आला. कंपनीने त्याच वर्षी अधिकृत छोटा व्हिडीओ आणला आणि पूर्ण व्हिडीओ २०२१ मध्ये. म्हणजे मूळ गाण्यानंतर ३७ वर्षांनी.

या शैलीला ‘सिटी पॉप’ म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात जपानी शहरांत पैसा खेळत होता. त्या काळात जॅझ, फंक आणि डिस्कोच्या मिश्रणातून आलेले हे गुळगुळीत, झगमगीत संगीत. मिकी मात्सुबारा यांचे १९७९ चे ‘मायोनाका नो डोआ’ २०२० च्या अखेरीस टिकटॉकमुळे असेच उसळले आणि स्पॉटिफायच्या जागतिक ‘व्हायरल’ यादीत अव्वल ठरले. ते पाहायला मात्सुबारा नव्हत्या. २००४ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

आधी का पोहोचले नाही?

याचे उत्तर गाण्यांत नाही, गाणी विकण्याच्या पद्धतीत आहे. जपानमध्ये सीडीची किंमत कंपनी ठरवते आणि दुकानदाराला ती पाळावी लागते. तिथल्या कायद्याने पुस्तके, वर्तमानपत्रे आणि संगीताला ही खास मुभा दिली आहे. एक अल्बम साधारण तीन हजार येनला विकला जात असेल आणि घरचेच ग्राहक तो घेत असतील, तर परदेशात धडपडायचे कशाला? ऑनलाइन गाणी ही कंपन्यांना संधीपेक्षा धोका वाटत होती. त्यामुळे यूट्यूबवर अर्धवट व्हिडीओ टाकणे किंवा ते देशाबाहेर बंद ठेवणे सर्रास चाले. स्पॉटिफाय २००८ मध्ये युरोपात सुरू झाले, जपानमध्ये पोहोचायला २०१६ उजाडले. आजही तिथल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नात निम्म्याहून अधिक वाटा सीडी आणि डिस्कसारख्या प्रत्यक्ष वस्तूंचा आहे.

देशात या व्यवस्थेने कलाकार आणि दुकाने टिकवली, हेही खरे. टॉवर रेकॉर्ड्सची अमेरिकेतली दुकाने २००६ मध्ये बंद झाली. टोक्योतल्या शिबुयातले बहुमजली दुकान आजही सुरू आहे.

नव्या गाण्यांचा वेग इतका का?

३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्युचर मीडियाने ‘हात्सुने मिकू’ बाजारात आणली. ही गायिका नव्हे, सॉफ्टवेअर. यामाहाच्या ‘व्होकलॉइड’ तंत्रावर चालणारे. शब्द आणि सुर भरले की संगणक गातो. त्यामुळे गायक किंवा स्टुडिओ परवडत नसलेली मुले खोलीत बसून गाणी रचू लागली आणि निकोनिको या व्हिडीओ संकेतस्थळावर टाकू लागली. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही. साहजिकच शब्दांची दाटी आणि सुरांच्या लांब उड्या वाढल्या. केन्शी योनेझू आणि ‘योआसोबी’चे आयासे हे याच मांडवातून आले. पुढे माणसांनी ती यंत्रासाठीची शैली गळ्यावर चढवली. ‘योआसोबी’चे ‘आयडॉल’ हे ॲनिमे मालिकेचे शीर्षकगीत २०२३ मध्ये बिलबोर्डच्या अमेरिका वगळून असलेल्या जागतिक यादीत पहिले आले. जपानी गाण्याला हा मान प्रथमच मिळाला. शिवाय ॲनिमेच्या शीर्षकगीताला दीड मिनिटच मिळते. तेवढ्यात मुखडा, चढ आणि कळस बसवायचा, तर घाई आलीच.

मराठी कानाला ते ओळखीचे का वाटते?

जपानी गाण्यांत ‘योनानुकी’ नावाचे सप्तक फार चालते. अर्थ सरळ आहे : चौथा आणि सातवा स्वर वगळलेले. आपल्याकडे मध्यम आणि निषाद वगळले की भूपाचे स्वर उरतात. पाच स्वर तेच, चलन मात्र वेगळे.

परकेपणा येतो तो स्वरमेळांमुळे. तिथे चौथ्या, पाचव्या, तिसऱ्या आणि सहाव्या स्वरावर उभ्या केलेल्या स्वरमेळांची मालिका इतकी रूढ आहे की तिला ‘राजमार्ग’ असेच नाव आहे. तंबोऱ्याच्या स्थिर ‘सा’ची सवय असलेल्या कानाला इथे चाल ओळखीची आणि पायाखालची जमीन सरकती वाटते. त्यातली हुरहुर येते ती यातूनच.

प्रयोगशील संगीताचे काय?

हारुओमी होसोनो, र्युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला आणि इलेक्ट्रॉनिक पॉपची वाट रुंद केली. त्याच वर्षी होसोनो यांनी चित्रकार तादानोरी योको यांच्यासह, भारतभेटीच्या प्रेरणेतून ‘कोचीन मून’ हा विलक्षण सिंथेसायझर अल्बम केला. हिरोशी योशिमुरा यांनी १९८२ मध्ये ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’मधून भोवतालाशी एकरूप होणारे संगीत रचले. दुसऱ्या टोकाला मर्झबो, अर्थात मासामी अकिता, १९७९ पासून निव्वळ गोंगाटातून संगीत घडवत आहेत. ‘बोरडम्स’ने ७ जुलै २००७ रोजी ब्रुकलिनमध्ये ७७ ड्रमवादक एकत्र बसवले. ‘फिशमन्स’चे १९९६ चे ‘लाँग सीझन’ हे तर ३५ मिनिटांचे एकच गाणे आहे.

अल्गोरिदमवर विसंबले तर काय निसटते?

अल्गोरिदमला संगीत कळत नाही, श्रोत्याची सवय कळते. हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकले आणि किती वेळ ऐकले, हे तो मोजतो. अभ्यास करताना तासभर लावून ठेवता येईल असे योशिमुरा म्हणूनच पुढे सरकतात. पहिल्या दहा सेकंदांत बंद केले जाणारे मर्झबो मागे राहतात. परिणामी ‘जपानी संगीत’ म्हणजे निऑन दिवे, पाऊस आणि हळवेपणा असे एक चित्र तयार होते. ते खोटे नाही, अपुरे आहे.

दुसरी अडचण हक्कांची. ‘प्लास्टिक लव्ह’ची निर्मिती करणारे आणि ताकेउची यांचे पती तात्सुरो यामाशिता हे सिटी पॉपचे सर्वात मोठे नाव. संगीत रचण्यात सहभाग नसलेल्यांनी त्यातून कमाई करावी, हे त्यांना पटत नाही. म्हणून त्यांनी आपले अल्बम स्ट्रीमिंगपासून दूर ठेवले आहेत. जे यादीत नाही, ते नव्या श्रोत्यासाठी अस्तित्वातच नसते.

सुरुवात कुठून करावी?

तयार यादीऐवजी श्रेयनामावली धरावी. आवडलेल्या गाण्यात बास कोणी वाजवला, संगीत-संयोजन कोणाचे, हे पाहावे आणि त्या माणसाचे पुढचे काम शोधावे. एकट्या होसोनोंचे बोट धरले तरी १९७१ च्या ‘हॅपी एंड’ या बँडचे रॉक, मग इलेक्ट्रॉनिक पॉप आणि पुढे ‘मुजी’च्या दुकानांसाठी केलेले शांत संगीत, असा मोठा पल्ला गाठता येतो.

नवे हवे असेल तर फुजी काझे. त्यांचे २०२० चे ‘शिनुनोगा ए-वा’ दोन वर्षांनी थायलंडमधून जगभर पसरले. ‘ग्रेस’चा व्हिडीओ भारतात चित्रित झाला. ते ओकायामा प्रांतातले, आणि गाण्यात तिथली बोली सहज वापरतात. पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीचे प्रतीक आहे, तेच हे ओकायामा. भाषा न कळताही गाणे आवडू शकते, हे त्या उद्यानात हेडफोन लावून बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढचे गाणे आपोआप सुरू होण्याआधी, आत्ता संपलेले कोणाचे होते एवढे पाहिले, तरी पुढची वाट आपली आपल्याला सापडते.