जुळत नाही म्हणजे बिघडलं नाही

‘बोर्ड डेड आहे, भंगारात द्या.’

जबलपूरच्या एका दुकानात दहा मिनिटांत हा निकाल लागला. सुभेदार साहेब पिशवी उचलून तडक माझ्या क्वार्टरवर आले. साहेब आमच्याच सिग्नल्सचे, मूळचे सातारा जिल्ह्यातले. निवृत्तीनंतर त्यांनी इथेच घर बांधलं. पिशवीत जुन्या चादरीत गुंडाळलेला एक काळा कीबोर्ड होता. तो होता झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस.

नव्या मंडळींसाठी सांगतो. हा घरगुती संगणक. सिंक्लेअर कंपनीने पहिला स्पेक्ट्रम 1982 साली इंग्लंडमध्ये आणला आणि 1984 मध्ये जरा बऱ्या कीबोर्डचा प्लस आला. 48 के मेमरी, कार्यक्रम साठवायला साधी कॅसेट आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. पुढे पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो आपल्याकडेही बनवला, त्यामुळे आपल्यातल्या काहींनी तो पाहिलाही असेल. साहेबांचा मात्र मेहुण्याने थेट इंग्लंडहून आणलेला. मेहुणा बोटीवर होता. मुलगी सहावीत होती, तिच्यासाठी.

ती मुलगी आता बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला तिच्या मुलाला घेऊन येणार होती. नातवाला आईचा पहिला कॉम्प्युटर दाखवायचा, म्हणून साहेबांनी काळी ट्रंक उघडली. टीव्हीला जोडला तर ‘नो सिग्नल’. दुकानात नेला, तिथेही तेच.

‘तेजपूरला असताना ट्रंक भिजली होती रे,’ साहेब म्हणाले. ‘मी दोन दिवस उघडलीच नाही. माझ्यामुळेच गेलं ते.’

पस्तीस वर्षं हा माणूस ते ओझं मनात घेऊन हिंडत होता, आणि दुकानदाराने त्यावर शिक्का मारला होता.

खरं सांगतो, पहिल्या संध्याकाळी मीही हात टेकले. माझ्या एलईडी टीव्हीला लावला, ऑटो सर्च दिला, काही सापडलं नाही. ‘साहेब, वय झालंय त्याचं,’ असं म्हणून मोकळा झालो. रात्री झोप लागेना. फील्ड टेलिफोनची लाइन बंद पडली तर आपण काय करतो? पलीकडून उत्तर आलं नाही म्हणून पलीकडचं एक्सचेंज उडालं असं कुणी धरत नाही. लाइनच्या मध्यावर जायचं आणि दोन्ही बाजूंना हाक मारायची. जी बाजू बोलेल ती सोडायची, जी बोलणार नाही तिथे शोधायचं. हे मी रंगरुटांना शिकवतो, आणि घरी मात्र शेवटच्या टोकाला बसून निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशी रीतसर सुरुवात केली.

पहिली गोष्ट वीज. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी लागते आणि पिनच्या मध्यभागी ऋण असतं. आजच्या बहुतेक अॅडॉप्टरमध्ये मध्यभागी धन असतं. राउटरचा अॅडॉप्टर बसतो म्हणून खुपसला तर चांगलं मशीन खरोखरच मरतं. साहेबांकडे मूळचा अॅडॉप्टर होता. मीटरवर तो 13 व्होल्टच्या आसपास दाखवत होता. घाबरायचं कारण नाही. आत रेग्युलेटर नाही, त्यामुळे भार नसताना आकडा चढाच येतो. मशीनच्या आत 5 आणि 12 व्होल्ट जागच्या जागी होते, उणे 5 सुद्धा.

दुसरी गोष्ट, मध्यावरची हाक. पडदा नसतानाही स्पेक्ट्रमशी बोलता येतं, कारण त्याच्या पोटात स्वतःचा छोटा स्पीकर आहे. चालू करून थोडं थांबायचं. मग एक्स्टेंड मोड दाबायचं, सिम्बॉल शिफ्ट धरून झेड दाबायचं, की ‘बीप’ ही आज्ञा उमटते. पुढे 1, स्वल्पविराम, 0 आणि एंटर. मशीन जिवंत असेल तर एक सेकंद ‘सा’ लावल्यासारखा एक सूर निघतो.

टीव्ही बंद होता. मी आंधळेपणाने बटणं दाबली. सूर निघाला.

साहेब खुर्चीतून उठले. ‘परत कर.’ परत केला. ‘अजून एकदा.’

या एका सुराने अर्धी लाइन मोकळी झाली. प्रोसेसर चालतोय, रॉम चालतोय. चित्राची मेमरी ज्या पहिल्या 16 के मध्ये असते तीही बरी दिसतेय, कारण आज्ञा तिथेच टिपली जाते. कीबोर्ड आणि स्पीकर दोन्ही यूएलए नावाच्या एकाच चिपमधून जातात आणि चित्रही तीच बनवते. म्हणजे तीही जागी आहे. तेजपूरच्या पावसाने काही बिघडवलं नव्हतं. उरला फक्त चित्राचा रस्ता आणि पलीकडचा टीव्ही.

आता हा रस्ता कसा आहे ते बघा. स्पेक्ट्रमचं चित्र अँटेनाच्या वायरने टीव्हीत जातं, यूएचएफ चॅनल 36 वर. 1987 साली हीच अडचण होती. दूरदर्शन तेव्हा मुख्यतः व्हीएचएफवर दिसायचं आणि आपल्याकडच्या अनेक टीव्हींना यूएचएफ ट्यूनरच नसायचा. साहेबांना तेव्हाही शेजारच्या मेजर साहेबांच्या परदेशी टीव्हीवर तो लावावा लागला होता. म्हणजे जुळत नसण्याचं दुखणं पहिल्या दिवसापासूनचं. फक्त तेव्हा त्याला कुणी ‘डेड’ म्हटलं नव्हतं, ‘दुसरा टीव्ही बघू’ म्हटलं होतं.

आजच्या टीव्हीचा ऑटो सर्च असा सिग्नल बरेचदा ओलांडून जातो. या मशीनचा आवाज टीव्हीकडे जातच नाही, नुसतं मुकं चित्र जातं. मी मॅन्युअल सर्चने हळूहळू सरकत गेलो तेव्हा मुंग्यांच्या आड काहीतरी हललं आणि निळा पडदा आला.

मग दुसरा मार्ग घेतला. चित्राला चॅनलवर चढवणारी जी पत्र्याची डबी असते, तिच्या आत बाहेरच्या सॉकेटला जोडलेला रोध सोडवायचा आणि आत येणारी व्हिडिओची तार एका 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट सॉकेटवर आणायची. आता तेच सॉकेट टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला जोडता येतं. डाग देणाऱ्याचा हात बसलेला असेल तर अर्ध्या तासाचं काम, आणि पुन्हा पूर्ववत करता येतं. चित्र आलं, क्षणभर टिकलं आणि पुन्हा ‘नो सिग्नल’.

कारण रेषांच्या हिशोबात आहे. आपल्या पाल पद्धतीत चित्राच्या 625 रेषा दोन फेऱ्यांत विणतात, म्हणजे एका फेरीत तीनशे साडेबारा. ती अर्धी रेष महत्त्वाची, तिच्यामुळेच दुसरी फेरी पहिलीच्या मधल्या जागेत बसते. स्पेक्ट्रम ही अर्धी रेष देत नाही. तो सरळ 312 रेषा काढतो आणि पुन्हा त्याच जागी 312 काढतो. सेकंदाला फेऱ्याही 50 नव्हे, 50.08. जुन्या पिक्चर ट्यूबला याचं काही वाटत नाही. सिंक मिळाला की ती पुढची फेरी मारते. डिजिटल टीव्ही आधी मोजमाप करतो, नमुन्यात बसलं नाही तर पडदा बंद करतो. सगळे टीव्ही असं करत नाहीत. माझा करत होता, दुकानातलाही बहुधा करत असावा.

म्हणजे एक नियमाने वागणारा नवा आणि एक आपल्या पद्धतीने चालणारा जुना. दोघेही धडधाकट, आणि ‘डेड’ ठरला जुना.

मग शोध सुरू झाला पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचा. इथे मला माझं एक पाप आठवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या रिक्रिएशन रूममधला असाच टीव्ही काढून टाकला, त्या बोर्डावर मी होतो. टीव्ही चालत होता. पण नवा सेट टॉप बॉक्स त्याला लागत नव्हता, जागा अडत होती, म्हणून मी सही केली. शेवटी कबाड्याकडे एक मिळाला, तीनशे रुपयांत. एक सूचना: असा टीव्ही बाहेरूनच वापरा. उघडू नका. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ राहू शकतो.

एव्हीला लावला. करडा-पांढरा पडदा, आणि खाली काळ्या अक्षरांत 1982 चा तो सिंक्लेअरचा कॉपीराइट. साहेब काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

रंग आले नव्हते. पुन्हा मनात आलंच, की चिप गेली. पण आता शहाणा झालो होतो. टीव्हीच्या मेनूत गेलो तर कलर सिस्टिम एनटीएससीवर अडकलेली. आधीच्या मालकाने काही व्हिडिओ गेम लावला असेल. पालवर आणली आणि लाल, हिरवा, पिवळा सगळे हजर झाले.

यावरून माझं मत सांगतो. वस्तू मोडीत काढण्याआधी ती ‘बिघडली’ की ‘जुळत नाही’ हे वेगळं लिहिण्याची सक्ती हवी. आपल्या कागदावर ‘अनसर्व्हिसेबल’ आणि ‘बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर’ आहे, पण ‘जोडणी मिळाली नाही’ असा रकाना नाही. 1984 पासून सरकारच्या क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. त्यातले काही अजून माळ्यावर पडून असतील. त्याच्या मॉडेल बी चं व्हिडिओ सॉकेट मुळातच कृष्णधवल चित्र देतं; आतली एक जोडणी केल्याशिवाय रंग येत नाहीत. हे ठाऊक नसलेला माणूस ‘कलर फॉल्ट’ लिहून मोकळा होईल. म्हणून प्रत्येक वर्कशॉपमध्ये, प्रत्येक पॉलिटेक्निकमध्ये एक चालू पिक्चर ट्यूब टीव्ही राखून ठेवायला हवा. ते तपासणीचं हत्यार आहे, मीटरइतकंच.

कुणी म्हणेल, लॅपटॉपवर एम्युलेटर टाका, हुबेहूब स्पेक्ट्रम मिळतो. बरोबर आहे. नुसते खेळ खेळायचे असतील तर तेच करा, आणि जुन्या कॅसेट पहिल्यांदा लॅपटॉपवर उतरवून ठेवा. टेप कधी तुटेल सांगता येत नाही. मीही आधी तेच केलं. पण साहेबांना खेळ नको होते. त्यांना ते मशीन आपण मारलं की नाही, हे कळायला हवं होतं. त्याचं उत्तर एम्युलेटरकडे नाही.

आणि एक गोष्ट माजी सैनिकांना वेगळी सांगायला नको. चाळिशीत बाहेर पडून नोकरीच्या मुलाखतीला बसलं की समोरचा फाइल चाळतो आणि म्हणतो, ‘आमच्या सिस्टिममध्ये हा अनुभव बसत नाही.’ वीस वर्षं लाइन चालू ठेवलेला माणूस घरी येऊन बायकोला सांगतो, ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे.’ असं सांगू नका. आधी मध्यावर जाऊन हाक मारा.

दिवाळीत मुलगी आली. कॅसेट लावली; दुसऱ्या खेपेला कार्यक्रम चढला. सहावीत तिने स्वतः टाइप केलेले पाढे. नातवाला एकोणीस सत्ते विचारलं, त्याने चुकीचं लिहिलं आणि सगळा पडदा लाल झाला. साहेब नातवाच्या कानात म्हणाले, ‘एकशे तेहतीस.’

जय हिंद.