एका कोयत्याने सगळं भागत नाही

कोकणात सासरी राहणाऱ्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमान मुंबईला, घरी त्या आणि सासूबाई. परसातलं गवत, कुंपणावर आलेल्या फांद्या, नारळ, सगळं त्या एकाच कोयत्याने करतात. ‘धार लावून आणली तरी गवत तुटत नाही, आणि संध्याकाळी मनगट सुजतं. माझंच काही चुकतं का?’ असं त्या विचारतात.

तुमच्या हाताचा दोष नाही हो. तुम्ही फांदीच्या कोयत्याने गवत कापता आहात. आपल्याकडचा कोयता टोकाकडे रुंद नि जड असतो आणि पुढे चोचीसारखा आत वळलेला. ते वजन घाव बसावा म्हणून, आणि ती चोच काटेरी डहाळी हात न लावता ओढून घेता यावी म्हणून. गवताला घाव घातला तर ते नुसतं वाकतं. त्याला पातळ, चंद्रकोरीसारखं पातं हवं. मूठभर गवत पात्याच्या पोटात घ्यायचं आणि आपल्याकडे ओढायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव विळा’ मिळाला तर जरूर घ्या. तो करवतीसारखा कापतो, वजनाला हलका असतो आणि त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही.

ऊसतोडीचा कोयता पाहिलात तर तो आणखी वेगळा. ऊस अगदी जमिनीसरसा तोडावा लागतो. बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, आणि खाली तोडलेल्या उसाचा खोडवाही चांगला फुटतो. त्याच कोयत्याने शेंड्याचं वाढंही उडवायचं. दिवसभर वाकून हे करायचं, म्हणून पातं आटोपशीर असावं लागतं. (मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. राबणारे हात चार, नाव मात्र अवजाराचं!)

तर फांद्यांसाठी आहे तोच कोयता ठेवा. अंगठ्याएवढी फांदी तिरक्या घावाने तुटते. आडवा घाव उसळून अंगावर येतो. मनगटाएवढी जाड असेल तर कोयता बाजूला ठेवून करवत घ्या. आधी खालून थोडं कापावं, मग वरून, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलपटत नाही. घाव नेहमी अंगापासून दूर जाणारा हवा, आणि दुसरा हात फांदीवर, पण घावापासून चांगला हातभर लांब.

नारळ सोलायला कोयता वापरूच नये. ओल्या सोडणावरून पातं सटकतं आणि बोटावर येतं. त्यासाठी जमिनीत रोवलेला सुळाच बरा. सोललेला नारळ फोडताना धार न वापरता कोयत्याची पाठ वापरावी. नारळ फिरवत फिरवत मध्यावर ठोके दिले की सरळ दोन वाट्या होतात.

आता मनगटाचं. घरातला कोयता बहुधा पुरुषाच्या हाताच्या मापाने केलेला असतो. मूठ जाड असली की बाईला ती आवळून धरावी लागते, आणि सूज येते ती त्या आवळण्याने. लोहाराकडे स्वतः जा, मूठ हातात धरून बघा. बोटं वळून अंगठ्याला सहज भेटली पाहिजेत. मुठीचं टोक थोडं खाली वळलेलं असलं की पावसात हात घसरत नाही. सासूबाईंना ‘बाईमाणूस लोहाराकडे’ जाणं पसंत पडणार नाही कदाचित. त्यांनाच बरोबर न्या. त्यांनी जन्मभर कोयता चालवला आहे, पारख तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

गाडीच्या पाट्याचं पोलाद असेल तर धार टिकते. मात्र दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे लक्ष ठेवा. पातं तापून त्यावर निळी झाक आली, की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा. मग कितीही घासा, धार राहत नाही. घरी कानस एकाच दिशेने फिरवून शेवटी ओल्या दगडावर घासलं की पुरतं. काम झाल्यावर चीक पुसून खोबरेलाचं बोट फिरवावं. मूठ जरा जरी हलली तरी त्या दिवशी कोयता उचलू नये, आणि टांगताना पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, धार भिंतीकडे करून टांगावा.