कुत्रं माझं, हवामान कुणाचं?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गावठी कुत्रीला पाच पिल्लं झालीत. त्यातलं एक घरी आणायचं आमच्या घरात घाटतंय. बंड्या आहेच, त्याला सोबत. परवा जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितलं, तर टीममधला एकजण डबा बंद करता करता म्हणाला, "तू बसने येतोस, प्लास्टिकवरून आम्हाला लेक्चर देतोस, आणि दुसरं कुत्रं आणतोस? एका कुत्र्याचा भार एसयूव्हीच्या दुप्पट असतो, माहितीये का?"

काय बोलणार? गप्प बसलो. पण डोक्यात किडा राहिला.

घरी येऊन शोधलं. हा दावा रॉबर्ट आणि ब्रेंडा वेल यांच्या 'टाइम टू ईट द डॉग?' या २००९ च्या पुस्तकातला. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं खाणं पिकवायला ०.८४ हेक्टर जमीन लागते, आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर पळणाऱ्या लँड क्रूझरची ऊर्जा जमिनीच्या हिशोबात मांडली तर ०.४१ हेक्टर. पण या हिशोबातला कुत्रा भरपूर मांस खाणारा. आमचा बंड्या भात खातो, वर कोंबडीच्या माना आणि पाय, जे आमच्या दुकानात गिऱ्हाईक सोडूनच जातं. तरी मुद्दा अगदीच खोटा नाही. ग्रेगरी ओकिन या संशोधकाने २०१७ मध्ये अंदाज मांडला होता, की अमेरिकेतल्या कुत्र्यामांजरांच्या मांसाहारापायी वर्षाला सुमारे ६.४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात.

मग मला खटकलं काय? तर पावती थेट माझ्या नावाने फाडली, ते. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेलकंपनीच्या २००० च्या दशकातल्या जाहिरातींचा मोठा वाटा आहे. म्हणजे तेल विकणाराच आपल्याला विचारतोय, "तुमचा ठसा किती हो?" आणि आपण मान खाली घालून बेरजा करतोय!

आम्ही सॉफ्टवेअरवाले धंद्यात एक गोष्ट लवकर शिकतो. युजर सहसा सेटिंग बदलत नाही. जे डिफॉल्ट दिलं, तेच चालतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या नव्या एसींना २४ अंशांचं डिफॉल्ट सक्तीचं झालं. कुणाला उपदेश नाही, काही नाही. एलईडी बल्बचंही तेच. सरकारी घाऊक खरेदीत २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आमचे बाबा आयुष्यभर "दिवे बंद करा रे" म्हणून ओरडत आले. त्यांचं बरोबरच होतं, पण घराघरातला पिवळा बल्ब गेला तो ओरडण्याने नाही, स्वस्त झालेल्या एलईडीने.

कुत्र्यांचंही असंच आहे. बंड्याला दरवर्षी रेबीजची लस देतो, ती माझी जबाबदारी. पण त्याने गल्ली सुरक्षित होत नाही. त्यासाठी परिसरातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. गोव्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून वर्षानुवर्षं हे केलं, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने माणूस दगावल्याची एकही नोंद झाली नाही. हे काम एकेकट्या श्वानप्रेमीच्या आवाक्यातलं नव्हे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळं सरकारवर ढकलून मोकळा झालास! नाही राव. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. पण घेणारा वय विचारतच नसेल, तर नियम काय करणार? पुण्याच्या एप्रिलात कुणी हस्की पाळतो आणि त्याच्यासाठी दिवसभर एसी लावतो, तिथे कुठलं धोरण आडवं आलं होतं? आणि सकाळी फिरायला नेलेल्या कुत्र्याची शी उचलायला काही महापालिकेचा ठराव लागत नाही.

तर माझ्यापुरती कसोटी अशी. मी एकट्याने केलं तर काम पूर्ण होतं का? होत असेल, तर सबब सांगायची नाही. होत नसेल, तरी मी सुटत नाही. माझं काम फक्त बदलतं. मग स्वतःला टोचत बसण्यापेक्षा ज्याच्या हातात ते आहे, त्याच्या मागे लागायचं. हे दुसरं काम जास्त कंटाळवाणं. अपराधी वाटून घेणं घरबसल्या होतं, अर्जाचा पाठपुरावा होत नाही.

पिल्लू आम्ही आणतोय. ठरलं. पण एक पिल्लू उचलून प्रश्न संपत नाही. आईची नसबंदी झाली नाही तर काही महिन्यांनी पार्किंगमध्ये पुन्हा हीच वरात. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी. म्हणून सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. सोसायटीतल्या सतरा जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन महापालिकेत जाणार आहे.

टीममधल्या त्या मित्राचीही सही घेतली असती, पण तो आमच्या सोसायटीत राहत नाही. त्याला उरलेल्या चार पिल्लांपैकी एक देऊ केलंय. अजून उत्तर आलेलं नाही :-)