एका वाहिनीचा एक दिवस

दूरचित्रवाणीची कार्यक्रमपत्रिका आपण वेळ पाहण्यापुरती चाळतो आणि विसरून जातो. तिच्याकडे विचारांचा दस्तऐवज म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. वास्तविक कोणत्या कार्यक्रमानंतर कोणता कार्यक्रम ठेवावा, या साध्या वाटणाऱ्या निर्णयामागे प्रेक्षक कोण आहे आणि तो कोण होऊ शकतो, यासंबंधीची एक धारणा असते. ब्रिटनमधील ‘बीबीसी टू’ या सार्वजनिक वाहिनीच्या उदाहरणावरून हा मुद्दा स्पष्ट होईल.

१९७० च्या दशकातील या वाहिनीचा एक सर्वसाधारण दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी लवकर, माणसे कामावर निघण्याच्या तयारीत असताना, पडद्यावर मुक्त विद्यापीठाचा गणिताचा किंवा विज्ञानाचा पाठ चालू असे. पुढे अकराच्या सुमारास लहान मुलांसाठी ‘प्ले स्कूल’ लागे. सायंकाळी पुन्हा विद्यापीठाचे पाठ आणि त्यानंतर बातम्या, बागकाम, स्नूकरचा सामना, पुरातत्त्वावरील माहितीपट, एखादे नाटक किंवा परभाषेतील चित्रपट अशी रात्रीपर्यंतची रांग. बालक, विद्यार्थी, बागकामाचा हौशी, खेळाचा शौकीन आणि नाट्यरसिक यांना एकाच वाहिनीवर जागा होती. त्याहून महत्त्वाचे हे की, यांपैकी प्रत्येकाच्या नजरेस दुसऱ्याचे जग पडण्याची शक्यता होती.

ही रचना आरंभापासून नव्हती. वाहिनीचे उद्घाटन २० एप्रिल १९६४ रोजी व्हायचे होते. परंतु त्या सायंकाळी लंडनच्या पश्चिम भागातील वीजपुरवठा खंडित झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘प्ले स्कूल’नेच खरी सुरुवात झाली. आरंभीच्या काळात आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एकेक स्वतंत्र रूप देण्याचा प्रयोग करण्यात आला. मंगळवार शिक्षणाच्या वाट्याला आला होता. कागदावर ही योजना नीटनेटकी होती. पण ज्याला शिक्षणविषयक कार्यक्रमांत रस नाही, त्याने मंगळवारी वाहिनीकडे फिरकूच नये, असाच तिचा अर्थ होत होता. ती लवकरच सोडून द्यावी लागली.

१९६५ मध्ये डेव्हिड ॲटनबरो या वाहिनीचे नियंत्रक झाले. त्यांच्या काळात वैविध्य हेच धोरण ठरले. १९६९ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी पाश्चात्त्य कलेच्या इतिहासावरील केनेथ क्लार्क यांची ‘सिव्हिलायझेशन’ ही तेरा भागांची मालिका आली आणि ‘पॉट ब्लॅक’ ही स्नूकरची स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. १ जुलै १९६७ पासून या वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले होते. चर्चमधील भित्तिचित्रे पाहायला रंग हवे होते, तसेच स्नूकरचे चेंडू ओळखायलाही हवे होते. एकाला उच्च आणि दुसऱ्याला हीन न मानता दोन्ही शेजारी ठेवले गेले, यात मला या धोरणाचे मर्म दिसते.

हे शक्य झाले, त्यामागे आर्थिक व्यवस्था होती. बीबीसीच्या ब्रिटनमधील वाहिन्या जाहिरातींवर चालत नाहीत; दूरचित्रवाणी पाहणारी घरे भरत असलेल्या परवाना शुल्कावर चालतात. जाहिरातदाराला ठरावीक ग्राहकवर्ग हवा असतो. शुल्क सर्वांकडून घेतले जात असेल, तर प्रत्येकाचे काहीतरी देणे लागते.

या धोरणावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. लोकांनी काय पाहावे हे मूठभर सुशिक्षितांनी ठरवणे म्हणजे पालकत्वाचा अहंकार नव्हे काय? हा आक्षेप मी पूर्णतः फेटाळत नाही. अशा संस्थांमध्ये ठरावीक वर्गाच्या अभिरुचीचे वर्चस्व निर्माण होते, हे खरे आहे. परंतु ‘ज्याला जे हवे ते त्याने निवडावे’ हे उत्तरही अपुरे आहे. एखादी गोष्ट मागण्यासाठी ती अस्तित्वात आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याने पुरातत्त्व हा शब्दच ऐकलेला नाही, तो त्यावरील माहितीपट शोधणार कसा? निवडीचे स्वातंत्र्य परिचयानंतर सुरू होते, आणि तो परिचय घडवून देणे हे सार्वजनिक माध्यमाचे काम आहे.

आपल्याकडेही याचा प्रत्यय येऊन गेला आहे. मुंबई दूरदर्शनवर एकेकाळी ‘आमची माती आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’ आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हे कार्यक्रम एकाच वाहिनीवर नांदत होते. मात्र तेथे सरकारी नियंत्रण होते आणि प्रेक्षकाला दुसरा पर्यायही नव्हता. त्यामुळे त्या दिवसांचे केवळ स्मरणरंजन करून भागणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, या विषयाशी आपला नातेसंबंध अधिक जवळचा आहे. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची अट नसलेल्या या विद्यापीठाचे पाठ ३ जानेवारी १९७१ पासून बीबीसी टूवर दिसू लागले. त्यांचा लाभ नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांना झालाच. पण दूरचित्रवाणी संच असलेल्या कोणालाही, अर्ज न भरता, त्या वर्गात बसता येत होते. पुढे हे पाठ मध्यरात्रीनंतरच्या वेळांकडे सरकत गेले, विद्यार्थी ते ध्वनिचित्रमुद्रित करून पाहू लागले आणि डिसेंबर २००६ मध्ये ही परंपरा थांबली. तंत्रज्ञान बदलले होते, हे कारण योग्यच आहे. तरीही त्या बदलात एक गोष्ट हरवली. आज असे पाठ पूर्वीपेक्षा विपुल आहेत, पण शोधणाऱ्यालाच ते सापडतात. ज्याला आपल्याला शिकायचे आहे हेच अजून उमगलेले नाही, त्याच्या वाटेत ते सहसा येत नाहीत. त्याच्यासमोर त्याच्या कालच्या आवडीचीच आवृत्ती पुन्हा मांडली जाते.

म्हणून वैविध्यपूर्ण कार्यक्रमांचा दिवस हा माझ्या मते जुन्या काळाची गैरसोय नव्हे, तर प्रेक्षकावरचा विश्वास होता. माणूस आज जसा आहे त्याहून उद्या वेगळा होऊ शकतो, हा तो विश्वास. मध्येच थांबलेले शिक्षण अनेक वर्षांनी पुन्हा हाती घेणाऱ्या आपणांस त्याचे मोल वेगळे सांगायला नको.