कोंड्याची पुरचुंडी
जपानमध्ये एदो काळात (१६०३–१८६८) साबण घरोघरी पोहोचलेला नव्हता. स्त्रिया तांदळाचा कोंडा लहानशा सुती पिशवीत बांधून कोमट पाण्यात भिजवीत आणि पाझरणाऱ्या दुधाळ पाण्याने चेहरा हळुवार पुशीत. या पुरचुंडीस ‘नुकाबुकुरो’ म्हणतात. कोंड्याचे बारीक कण मळ उचलतात आणि त्यातील तेलामुळे त्वचा रुक्ष होत नाही. मात्र त्याच तेलामुळे कोंडा लवकर खवट होतो. म्हणून तो ताजाच घ्यावा आणि पिशवी रोज रिकामी करावी. केसांना व त्वचेला ‘त्सुबाकी’, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचे तेल लावीत. इझू-ओशिमा बेट त्यासाठी आजही प्रसिद्ध आहे.

तथापि ‘पारंपरिक, नैसर्गिक’ एवढेच वाचून बाटली घरात आणणे अहिंसा पाळणाऱ्या कुटुंबास परवडणारे नाही. याच परंपरेत उगुइसु पक्ष्याची विष्ठा चेहऱ्यास लावीत आणि त्यासाठी पक्षी पिंजऱ्यात कोंडीत; ‘बायू’ ही तर घोड्याची चरबीच. नैसर्गिक दोन्ही! स्क्वालेन शार्कच्या यकृतातून निघते, तसेच ऑलिव्हपासूनही. वेष्टनावर मूळ दिलेले नसेल, तर विक्रेत्यास विचारावे. आणि दुकान आपलेच असेल, तर पुरवठादाराकडून ते लेखी घ्यावे.